आईचं सिम बीएसएनएलला न्यावं का?

प्रश्न: मी साताऱ्यात, आई ठोसेघरच्या अलीकडं गावी. तिला फक्त बोलायला फोन लागतो, नेट नको. जुलै 2024 ला खासगी कंपन्यांनी दर वाढवले, तेव्हापासून रिचार्ज मारताना जीवावर येतं.

उत्तर 1: दर नंतर, आधी रेंज बघा. माझं महागडं सिम गावात गोठ्यामागं उंबराखाली गेलं तरच दोन दांड्या दाखवायचं, तेही पावसाळा सोडून! शेजाऱ्यांचं बीएसएनएलचं सिम आईच्या फोनात घाला, चुलीपाशी बसून बोला.

उत्तर 2: नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची तर इंग्रजीत पोर्ट, पुढं आईचा नंबर लिहून तिच्याच सिमवरनं 1900 ला मेसेज. उत्तरात कोड येतो, तो चारच दिवस चालतो, घेऊन लगेच बीएसएनएलकडं जा.

प्रश्नकर्ता: शेजारच्या काकूंचं सिम घालून बघितलं. माजघरातनं लागला. आई म्हणाली, "ओरडतोस कशाला? ऐकू येतंय की."