मदत हवी आहे: नवरा हेलसिंकीत एकटा, फोनवर 'ठीक आहे' म्हणतो पण ठीक वाटत नाही

नमस्कार मंडळी,

आम्ही ठाण्यात वर्तक नगरला राहतो. मी, सहा वर्षांची मुलगी आणि सासूबाई. नवरा आयटीत आहे. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कंपनीने त्याला दोन वर्षांसाठी फिनलंडला, हेलसिंकीला पाठवलं. मुलीचं वर्ष संपलं की मे महिन्यात आम्ही जायचं, असं ठरलंय.

पहिले दोन महिने तो खुशीत होता. रात्री साडेनऊपर्यंत उजेड, ऑफिस सुटलं की समुद्राकाठी फिरणं, फोटो. बारा वर्षं ठाणे-ऐरोली लोकलचे धक्के खाल्लेल्या माणसाला चालत ऑफिसला जाता येतं याचंच केवढं अप्रूप! नोव्हेंबरपासून मात्र तो गप्प होत गेला. आता डिसेंबरात तिथे सूर्य नऊनंतर उगवतो आणि सव्वातीनच्या सुमारास मावळतो. अंधारात जायचं, अंधारातच यायचं. आपल्या रात्री साडेनऊला, म्हणजे तिथल्या सहाला, फोन होतो. "जेवलास?" "हो." "काम?" "चालू आहे." संपलं. आईशी मात्र मुद्दाम हसून बोलतो, ते मला जास्त लागतं.

गेल्या रविवारी तो व्हिडिओ कॉलवर मुलीला स्वयंपाकघर दाखवत होता. मागे ओट्यावर मी बांधून दिलेला तीन लिटरचा कुकर दिसला. अजून वर्तमानपत्रात गुंडाळलेला, वरची सुतळीही सोडलेली नाही. चार महिने झाले. विचारलं तर म्हणाला, "एकट्यासाठी काय लावायचा." इथे असताना रविवारचा वरण-भात हाच लावायचा, आम्हाला ओट्याजवळ येऊ द्यायचा नाही. आता ब्रेड-दही खाऊन झोपतो आणि पहाटे तीनला जागा होतो.

मी थोडं वाचलं. कालेर्वो ओबेर्ग या मानववंशशास्त्रज्ञाने १९६० साली कल्चर शॉकचे, म्हणजे परक्या देशात राहायला गेल्यावर बसणाऱ्या धक्क्याचे, टप्पे मांडले होते: आधी नवलाई, मग उबग, मग हळूहळू सवय. (ते स्वतः फिनिश आईवडिलांचे.) हे वाचून जरा धीर आला. पण हा नुसता टप्पा आहे की डिप्रेशन, हे इतक्या लांबून कसं ओळखायचं? हिवाळ्यातल्या डिप्रेशनवर सकाळी अर्धा तास १०,००० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) प्रखर दिव्यासमोर बसायला सांगतात. तिकडे कोणी वापरलाय का? खरंच फरक पडतो?

फिनलंडमध्ये कर्मचाऱ्यांसाठी ऑक्युपेशनल हेल्थकेअरची, म्हणजे नोकरीतर्फे मिळणाऱ्या आरोग्यसेवेची, सोय करणं मालकाला कायद्यानेच बंधनकारक आहे. मी म्हटलं, तिथे जाऊन बोल. तर म्हणतो, "ऑफिसात कळलं तर?" डॉक्टर गुप्तता पाळतात हे माझं त्याला पटत नाही, तिथे प्रत्यक्ष जाऊन आलेल्या माणसाचं पटेल. शिवाय मुदतीआधी परतलो तर जाण्याचा खर्च कंपनीला भरून द्यावा लागेल, ही अट त्याच्या डोक्यात आहे. पैशांचं आम्ही बघू हो, पण तो ऐकतच नाही.

माझा मोठा प्रश्न हा की मेपर्यंत थांबू का? मी पतपेढीत आहे, बिनपगारी रजा मिळेल. मुलीची पहिली मध्येच सुटेल, पण तिकडे मुलं सातव्या वर्षी पहिलीत जातात आणि शाळा ऑगस्टमध्ये सुरू होते, म्हणजे तिचं फार नुकसान नाही. सासूबाई म्हणतात, "माझी काळजी करू नकोस, तू जा." पण आम्ही गेल्यावर त्याच्यावर आणखी दोघींची जबाबदारी पडेल, ही भीती वाटते.

जे नवरे किंवा बायका असे एकटे राहून आलेत त्यांनी कृपया सांगा, त्या दिवसांत घरच्यांनी काय बोललेलं तुम्हाला बरं वाटायचं? आणि काय विचारलेलं नको व्हायचं?