ड्राफ्ट्समन सिव्हिलला नंबर लागला: 30 हजारांत लॅपटॉप की डेस्कटॉप?

नेरची_पोरगी
नमस्कार. नेरजवळच्या खेड्यात राहते (जि. यवतमाळ). बारावी सायन्स झाली, आता आयटीआयला आरेखक स्थापत्य, म्हणजे ड्राफ्ट्समन सिव्हिल मिळालं, दोन वर्षांचं. एसटीनं रोज जाणं-येणं. बाबांनी तुरीच्या पैशातून 30 हजार बाजूला ठेवलेत, त्याच्या वर एक रुपया नाही. लॅपटॉप घेऊ की डेस्कटॉप? गावात लाईनचा भरवसा नाही. आणि एक क्लासवाले ऑटोकॅडचे (कॉम्प्युटरवर नकाशे काढायचं सॉफ्टवेअर) 18 हजार मागतात, लावू का?

गेमिंग_गजू
अभिनंदन ताई! पण 30 मध्ये कचराच येतो. मी 82 हजारांचा घेतला, 16 जीबी रॅम, आरटीएक्स ग्राफिक्स कार्ड. रेव्हिटसारखी इमारतींची थ्री-डी सॉफ्टवेअर सगळी लोण्यासारखी. थोडं थांबून पैसे जमवा.

निवांत_वऱ्हाडी
बाप्पा! पोट्टी एक रुपया नाई म्हणते अन् तू 82 सांगून रायला. ताई, माह्या एकच सल्ला, सेकंडहँड घेऊ नको. मी नागपूरहून आणला होता, दुकानदार म्हणे कंपनीतला माल हाये, डोळे झाकून न्या. दीड महिन्यात बिजागरी तुटली. दोन वर्षं स्क्रीन भिंतीले टेकवून काम केलं. आता तो लॅपटॉप पोराच्या खेळण्यात हाये.

सिव्हिल_सायेब
मूळ प्रश्न वेगळाच आहे. बारावी सायन्स असताना आयटीआय कशाला? पॉलिटेक्निकला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळतो. म्हणजे तेवढ्याच दोन वर्षांत हातात डिप्लोमा. यवतमाळला, आर्वीला शासकीय पॉलिटेक्निक आहे.

एसटी_पास
सायेब, आर्वीला रोज जाईन का ती? अन् अनुरेखकाच्या (ट्रेसरच्या) जागा निघतात जलसंपदात, नगररचनेत, तिथं आरेखकाचंच सर्टिफिकेट मागतात. आयटीआय करून पुढं डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला जाताही येते.

सिव्हिल_सायेब
म्हणजे चार वर्षं. मी तेच म्हणतोय.

शीटवाले_काका
कॉम्प्युटर-बिम्प्युटर नंतर. आधी हात बसू द्या. आम्ही ट्रेसिंग पेपरवर शाईनं काढायचो, रेघ चुकली की ब्लेडनं हळूहळू खरवडायची. नकाशाच्या प्रती काढायच्या त्या अमोनिया प्रिंटच्या वासानं डोळ्यांत पाणी यायचं, जेवणाच्या डब्यालाही तोच वास. आताच्या पोरांना अर्ध्या विटेची भिंत किती विचारा, गूगल उघडतात. साडेचार इंच, कॅडमध्ये 115 मिलिमीटर. नऊ इंचाची 230. मिनी-ड्राफ्टर, म्हणजे बोर्डावर सरळ रेघा मारायची पट्टी, मात्र चांगला घे पोरी, स्क्रू ढिला असला की शीटभर रेघा तिरप्या.

गेमिंग_गजू
काका, प्रत्येक धाग्यावर अमोनिया!

लेयर_शून्य
मी अमरावतीत एका आर्किटेक्टच्या ऑफिसात सहा वर्षं ड्राफ्टिंग करते, आयटीआयवालीच. अनुभवाचं सांगते.

आजच काही घेऊ नकोस. सुरुवातीला हातानंच शीट असतात, काका तेवढं बरोबर बोलले. आधी लॅबमध्ये जाऊन ऑटोकॅडचं कुठलं व्हर्जन आहे ते बघ. घरी नव्यात काढलेली फाइल जुन्यात उघडत नाही, सेव्ह करताना लॅबमधल्या व्हर्जनला चालेल असा जुना फॉरमॅट निवडावा लागतो. हे न कळल्यामुळे आमच्या बॅचमध्ये परीक्षेच्या आदल्या दिवशी रडारड झाली होती.

टू-डीला ग्राफिक्स कार्ड लागत नाही. 8 जीबी रॅम आणि एसएसडी, बस. कीबोर्डला उजवीकडे आकड्यांचा भाग हवाच, दिवसभर मापंच टाकायची असतात. चाकाचा माऊस घे, टचपॅडवर ड्राफ्टिंग म्हणजे शिक्षा. सॉफ्टवेअर विकत घ्यायचं नाही आणि चोरीचंही टाकायचं नाही. विद्यार्थ्यांना कंपनी फुकट देते, प्रवेशाचा पुरावा लागतो, दरवर्षी नूतनीकरण.

क्लासचे 18 हजार वाचव. तिथं पहिल्या आठवड्यात थ्री-डी सोफा शिकवतात. ऑफिसात मागतात ते लेयर (नकाशाचे वेगवेगळे थर), डायमेन्शन (मापं) आणि बंद पॉलिलाइन (टोकं जुळलेली सलग रेघ). मंजुरीचा नकाशा ऑनलाइन तपासणीला जातो तिथं पॉलिलाइन कुठं उघडी राहिली की क्षेत्रफळच धरत नाही.

आणि युनिट! मी फुटात काढलेल्या प्लॅनमध्ये इंचातलं दार आणून टाकलं. तीन फुटांचं दार छत्तीस फुटांचं झालं. सर म्हणाले, यातून हत्ती न्यायचा का?

भल्ला_टेन्शन
वरचं वाचलं नाही, पण 16 जीबी रॅम घ्या आणि सेकंडहँड नको.

डीपी_जळाली
लॅपटॉप नको, डेस्कटॉप घे. स्वस्त पडते, दुरुस्त होते. छोटा यूपीएस लाव.

निवांत_वऱ्हाडी
यूपीएस दहा मिनिटं टिकते. आमच्या गावची डीपी (ट्रान्सफॉर्मर) जळाली तं अकरा दिवस लाईन नव्हती. दहा मिनिटांत काय करन थे, फाइल सेव्ह करन अन् दिवा लावन?

डीपी_जळाली
अकरा दिवसांत तुमचा लॅपटॉप कशावर चार्ज झाला मंग?

निवांत_वऱ्हाडी
ट्रॅक्टरच्या बॅटरीवर. गावात कोणालेही विचार.

मोठा_मामा
माझा भाचा आयटीआय करून आर्किटेक्ट झाला. चांगली लाइन आहे. मोबाइलवर पण ऑटोकॅड येते, कशाला खर्च?

लेयर_शून्य
मामा, मोबाइलवर फाइल पाहता येते, दिवसभर काढत बसता येत नाही. आणि पाच वर्षांचं बी. आर्क. करून आर्किटेक्चर कौन्सिलकडे नोंदणी झाल्याशिवाय आर्किटेक्ट लिहिता येत नाही. 1972 चा कायदा आहे. भाचा ड्राफ्ट्समन असेल, आणि त्यातही कमीपणा नाही.

मोठा_मामा
दुकानाच्या पाटीवर तर तसंच लिहिलं आहे.

एसटी_पास
पाटी उतरवा म्हणा मामा, कोणी पाहायच्या आधी.

नेरची_पोरगी
उशिरा लिहिते, सोयाबीनच्या फवारणीत होते. सगळ्यांचे आभार.

डिप्लोमाचं घरी बोलून पाहिलं. पण आमच्या गावची दुसरी मुलगीही याच आयटीआयला आहे, सोबत होते, महिलांना एसटीचं तिकीट अर्धं आहे. आई म्हणाली, जे मिळालं ते कर. ट्रेड बदलला नाही. क्लास लावला नाही.

आणि रागावू नका, सेकंडहँड लॅपटॉपच घेतला. 16,500. आकड्यांचा कीबोर्ड आहे, 8 जीबी, एसएसडी. लेयर_शून्य ताई थांब म्हणाल्या होत्या, पण थांबले असते तर पैसेच राहिले नसते. त्याच आठवड्यात विहिरीवरची मोटर जळाली, उरलेल्यातले 9 हजार तिकडं गेले. निवांत दादा, बिजागरी दुकानातच वीस वेळा उघडझाप करून पाहिली, दुकानदार वैतागला.

लॅबमधलं व्हर्जन जुनंच निघालं, ते आधी कळलं हे बरं झालं. मिनी-ड्राफ्टर नवा घेतला, काका.

आता एकच. ए-2 ची शीट एसटीतल्या गर्दीत चुरगळते. कुठली ट्यूब घेऊ?

गेमिंग_गजू
ऑनलाइन बघ, खांद्याला पट्टा असलेली मस्त मिळते, हजार-बाराशेला.

शीटवाले_काका
तीन इंची पीव्हीसी पाइपाचा दीड फुटाचा तुकडा, दोन्हीकडून टोप्या. तुमच्या वावरात पडलेला असेलच.