हर्णैजवळच्या बंगल्यात १४ जणांचा दोन दिवस स्वयंपाक: मासे किती, सोबत काय न्यायचं?

रानमसाला (प्रश्न)

पुण्याहून जाऊन हर्णैजवळच्या भाड्याच्या बंगल्यात खाजगी शेफ म्हणून स्वयंपाक करायचा आहे. नोव्हेंबरातला शनिवार-रविवार. १४ माणसं, त्यातली ३ शाकाहारी. यजमानांना मालवणी पद्धतीचं जेवण हवंय: तळलेली सुरमई, कोलंबीचं कालवण, सोलकढी, तांदळाची भाकरी आणि रविवारी दुपारी उकडीचे मोदक. बंगल्यात दोन शेगड्यांचा गॅस आणि घरगुती फ्रीज एवढंच आहे. मासे पुण्यातूनच बर्फात न्यावेत का? कच्चा माल किती धरायचा? काय तयार करून न्यायचं? आणि सोलकढी आदल्या रात्री करून ठेवली तर चालते का?

खाडीकाठ

हर्णैच्या दारात बसून पुण्याचा मासा शिजवू नका. बंदरावर संध्याकाळी लिलाव होतो. बोली ठोक मालावर लागते, त्यामुळे तुमच्याएवढी खरेदी बाजूला बसलेल्या कोळणींकडे करायची. कल्ला उघडून बघा, लालभडक हवा. पोटाजवळ बोट दाबलं तर खड्डा राहता कामा नये. कोलंबीचं डोकं काळं पडलेलं किंवा धडापासून सुटत असेल तर तो वाटा सोडून द्या.

अंदाज ११ जणांचा धरा. तळायला माणशी दोन तुकड्या, म्हणजे साधारण २ किलो तुकड्या. डोकं, शेपूट, पोट जाऊन एवढं उरायला अख्खी सुरमई ३ किलोची लागेल. डोकं टाकू नका, कालवणाला त्याच्याइतकी चव कशाने येत नाही. डोक्यासकटची कोलंबी सोलून जवळजवळ निम्मी होते. माणशी १०० ग्रॅम सोललेली हवी तर सव्वादोन किलो घ्या. भाकरीसोबत भात असेल तर १४ जणांना सव्वा किलो तांदूळ पुरे.

सुरमई आणि बांगडा बर्फाविना तासन्‌तास राहिले की त्यांच्यात हिस्टामिन तयार होतं. चेहरा लाल होणं, डोकं दुखणं, अंगावर गांधी उठणं हा त्रास त्यातूनच होतो. मासा कितीही तळला-उकळला तरी ते नष्ट होत नाही, आणि वासावरूनही दर वेळी कळत नाही. म्हणून बर्फाची पेटी बंदरावर सोबत न्या. तळाला बर्फ, मग मासा, वर पुन्हा बर्फ, आणि वितळलेलं पाणी वाहून जायला जागा. माशाएवढ्या वजनाचा बर्फ लागतोच.

पाटावरवंटा

पुण्यातून वाटण न्या. ओल्या खोबऱ्याचं कच्चं वाटण प्रवासात आंबतं, तेव्हा कांदा-खोबरं खरपूस भाजून, कमीत कमी पाण्यात वाटून, तेलात परतून न्यायचं. गार झालं की अर्धा-अर्धा किलोच्या पिशव्यांत बोटभर जाडीचं सपाट पसरून गोठवा. त्याच लाद्या पेटीत बर्फाचं कामही करतात, आणि तिथे पोचल्यावर अर्ध्या तासात सुटतात. १४ जणांच्या एका कालवणाला एक किलो धरा. त्याशिवाय मालवणी मसाला, आगळ (कोकमाचा खारवलेला रस), मोदकाची पिठी, आपल्या सुऱ्या, जाड बुडाचा मोठा तवा आणि वजनकाटा. पिठी ओळखीचीच हवी. नवीन पिठी किती पाणी पिते याचा अंदाज रविवारी दुपारी लागत नाही, आणि उकड कोरडी झाली की पाकळ्या चिरतात.

खरी अडचण भाकरीची आहे. माणशी दोन म्हणजे २८ भाकऱ्या. एकीला तीन मिनिटं धरली तरी एक शेगडी जवळजवळ दीड तास अडकते. तेवढ्यात दुसऱ्या शेगडीवर कालवण, भात आणि तळण बसत नाही. भाकऱ्या गावातल्या एखाद्या बाईंकडून करून घ्या, तसं ठरवता येतं. नाहीतर घावन करा.

इंडक्शन न्यायचा विचार असेल तर आधी स्वयंपाकघरातल्या प्लगांचे फोटो मागवा. २००० वॅटची शेगडी साधारण ९ अँपिअर ओढते. ती ६ अँपिअरच्या प्लगवर लावायची नाही, आणि एकाच १६ अँपिअरच्या लाइनवर दोन लावल्या की भार मर्यादेबाहेर जातो आणि एमसीबी (जादा भार आला की वीज तोडणारा स्विच) पडू शकतो. वीज गेली तर घरच्या इन्व्हर्टरवर मिक्सर चालेल असं गृहीत धरू नका. वाटण घरूनच नेण्याचं हेही एक कारण. गॅसचा भरलेला जादा सिलिंडर बंगल्यावर आहे का, हे आगाऊ रक्कम घेण्यापूर्वीच विचारा.

नारळपाणी

सोलकढीचं. नारळ कोमट पाण्यात वाटून दूध काढा, पूर्ण गार होऊ द्या, मगच आगळ घाला. गरम दुधात आंबट पडलं की ते फुटतं. आदल्या रात्री केली तर दुसरी गोष्ट होते: खोबऱ्याची चरबी २४ अंशांच्या खाली थिजते, म्हणून फ्रीजमधून काढलेल्या कढीत पांढरे कण दिसतात. ती फुटलेली नसते, पण जिभेला चरबट लागते. सकाळी दूध काढा आणि जेवणाआधी तासभर आगळ, लसूण, मिरची घाला. १४ पेल्यांना ४ मोठे नारळ, आगळ लिटरला ३-४ टेबलस्पून. आगळात मीठ असतंच, तेव्हा मीठ चाखून, सगळ्यात शेवटी.

पाटावरवंटा यांच्या मताला एक जोड देतो. एक किलो वाटण सुरमईच्या डोक्याच्या कालवणाला ठीक आहे. कोलंबीला ७०० ग्रॅम पुरे, नाहीतर तिची गोडी खोबऱ्याखाली दबते. आणि कोलंबी उकळत्या कालवणात शेवटची ४-५ मिनिटंच. जास्त शिजली की चिवट.

रानमसाला

भाकरीचा हिशोब डोक्यात आलाच नव्हता, आभार. दोन गोष्टी राहिल्या. यजमानांना मेनू लेखी हवा आहे आणि त्या दिवशी सुरमई आलीच नाही तर? आणि रात्रीचं उरलेलं कालवण सकाळी घावनांबरोबर द्यायचंय, फ्रीज छोटा आहे.

खाडीकाठ

मेनूत ‘सुरमई, नाहीतर हलवा किंवा सरंगा, बाजारात जे उत्तम मिळेल ते’ असंच लिहा. माशाचे पैसे मजुरीत धरू नका. मासळी-किराणा प्रत्यक्ष खर्चाने, मजुरी वेगळी. खरेदीची रक्कम आधी हातात घ्या. त्याच कागदावर कोणाला कोलंबी-खेकड्याची ॲलर्जी आहे का हे विचारा. शाकाहाऱ्यांचं तेल, कढई, झारा वेगळा, आणि त्यांचं तळण आधी.

कालवणाचं पातेलं गरम असताना फ्रीजमध्ये ठेवू नका, आतलं सगळं तापतं. पसरट भांड्यांत चार बोटं खोलीपर्यंत ओता, भांडी बर्फाच्या पाण्यात ठेवून ढवळा, आणि दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये. जागेसाठी पाण्याच्या आणि सरबताच्या बाटल्या बर्फाच्या पेटीत हलवा. माशांच्या पेटीत मात्र नाही. सकाळी हवं तेवढंच काढून खळखळून उकळा. एकदा गरम केलेलं पुन्हा ठेवायचं नाही.