मिशिगनकडून हरलेली ओहायो स्टेट चॅम्पियन झालीच कशी?

सातारी पाहुणा
मंडळी नमस्कार. ऑगस्टमध्ये एमएससाठी कोलंबसला ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीत आलोय, फुटबॉल म्हणजे पायाने खेळतात तो एवढंच डोक्यात, इथला म्हणजे अमेरिकन फुटबॉल. इथे शनिवारी मॅच असली की गावात दुसरं काही नसतंच, लाखभर लोक त्या घोड्याच्या नालेसारख्या स्टेडियममध्ये आणि उरलेले टीव्हीसमोर. नोव्हेंबरच्या शेवटी बघतो तर कँपसभर पाट्यांवरच्या एम अक्षरावर लाल चिकटपट्टीची फुली, आमच्या लॅबच्या दारावर पण. का, तर कट्टर वैरी मिशिगन युनिव्हर्सिटीचा एम! मला हसू आलं. मग ३० तारखेला मिशिगनने इथेच येऊन १३-१० ने हरवलं आणि माझा रूममेट (इथलाच पोरगा) त्या रात्री जेवला नाही, जो तो म्हणतोय कोच रायन डेला हाकला. आणि परवा २० जानेवारी २०२५ ला तीच टीम, तोच कोच, नोटर डेमला ३४-२३ हरवून नॅशनल चॅम्पियन. २ मॅच हरलेली, आपल्या लीगची फायनलसुद्धा न खेळलेली टीम चॅम्पियन कशी काय? रूममेटला विचारलं तर तो नुसता मिठ्या मारतोय.

डेटनकर
भाऊ, साधं उत्तर म्हणजे नशीब चांगलं की हे २०२४ होतं. गेल्या वर्षीपर्यंत प्लेऑफला (चॅम्पियन ठरवणाऱ्या बाद फेऱ्यांना) ४च टीम जायच्या, तेव्हा मिशिगनकडून हरल्यावर गाशा गुंडाळायचा. यंदा पहिल्यांदा १२ घेतल्या, आपला ८वा नंबर लागला. मजा म्हणजे पहिल्या चौघांना बाय मिळाला होता, म्हणजे पहिली फेरी न खेळता थेट पुढे, ते चौघंही आपली पहिलीच मॅच हरले. घरी बसून गंजले की काय देव जाणे.

पण नुसतं फॉरमॅटवर ढकलू नका. मिशिगनच्या मॅचला मी स्टेडियममध्ये होतो, आपल्याकडे जेरेमाया स्मिथसारखा पोरगा, पहिल्या वर्षाचा पण हवेत कुठलाही बॉल पकडणारा, आणि हे लोक त्याच्याकडे फेकायचं सोडून बॉल घेऊन सारखे मधून घुसतायत जिथे मिशिगनचे दोन पहाड उभे. आपल्या लाइनीतले दोघे महत्त्वाचे गडी आधीच जखमी होऊन गेलेले, तरी तेच. म्हणजे समोर भिंत दिसतेय आणि म्हशीसारखं डोकं आपटायचं. त्यात आपल्या किकरने दोन सोप्या किक घालवल्या. मिशिगनची टीम ६ जिंकून ५ हरलेली होती हो, त्यांनी पासवर अख्ख्या मॅचमध्ये ६२ यार्ड काढले आणि तरी जिंकले! नंतर त्यांनी मैदानाच्या मध्यावर झेंडा रोवायचा प्रयत्न केला, मारामारी, पोलिसांचा पेपर स्प्रे, सगळा तमाशा.

३ आठवड्यांनी प्लेऑफच्या पहिल्या मॅचला टेनेसी आली. स्टेडियममध्ये त्यांचा भगवा रंग एवढा की वाटावं त्यांचंच गाव, आपल्या लोकांनी रागाने तिकिटं विकून टाकली होती ना. आणि पहिल्या डावापासून आपल्या क्वार्टरबॅकने (बॉल फेकणारा मुख्य गडी), विल हॉवर्डने, लांब लांब फेकायला सुरुवात केली. ४२-१७. जे नोव्हेंबरात करायला हवं होतं ते डिसेंबरात सुचलं, एवढीच गोष्ट आहे.

ढोलताशा
ओरेगनचं कुणी बोलत नाहीये. ऑक्टोबरमध्ये त्यांच्याकडे ३२-३१ ने हरलो, शेवटी हॉवर्ड पळत पळत गेला आणि घसरून खाली बसेपर्यंत घड्याळ शून्यावर, किक मारायला वेळच नाही उरला. त्याच्या जरा आधी ओरेगनने मैदानावर ११ऐवजी १२ माणसं उतरवली, दंड फक्त ५ यार्ड पण ४ सेकंद खाऊन टाकले. इतकी बेरकी युक्ती की पुढच्या आठवड्यात नियमच बदलावा लागला 😄 त्याच ओरेगनला १ जानेवारीला रोज बोलमध्ये (प्लेऑफची क्वार्टरफायनल) धुतलं, एका वेळी ३४-० होतं, मॅच ४१-२१.

आणि टेक्सासची सेमीफायनल हायलाइट्समध्ये तरी बघच. २१-१४, टेक्सास गोल लाइनच्या १ यार्डावर, बरोबरी झालीच म्हणून समजा. तिथून बाहेरून पळायला गेले आणि ७ यार्ड मागे. चौथ्या, म्हणजे शेवटच्या प्रयत्नाला आपल्या जॅक सॉयरने त्यांच्या क्वार्टरबॅकच्या हातातला बॉल उडवला आणि स्वतःच उचलून ८३ यार्ड पळाला. एवढा धिप्पाड माणूस, पोहोचेपर्यंत धाप लागलेली. आणि तो क्वार्टरबॅक क्विन युअर्स आधी ओहायो स्टेटलाच होता, सॉयरचा रूममेट! त्यामुळे पाहुणेबुवा, आपल्या रूममेटला जपा.

हिशेबी
सगळं छान, पण पैशाचं बोला की. यंदाच्या टीमवर २ कोटी डॉलरच्या आसपास खर्च झाला, हे त्यांच्याच ॲथलेटिक डायरेक्टरने सांगितलंय. बरेच गडी दुसऱ्या कॉलेजांतून आणलेले, हॉवर्ड कॅन्सस स्टेटचा, जडकिन्स ओल मिसचा, कॅलेब डाउन्स अलाबामाचा. कॉलेजची टीम म्हणायची आणि आयपीएलसारखी खरेदी करायची.

डेटनकर
खरंय, पण सॉयर कोलंबसजवळचाच, पिकरिंग्टनचा. तो आणि त्याच्या बरोबरीचे बरेच जण गेल्या वर्षीच एनएफएलला (व्यावसायिक लीगला) जाऊ शकत होते, मिशिगनला हरवायचं म्हणून थांबले. ते राहिलंच म्हणा.

ॲन आर्बरची सून
कुणीतरी माझ्या सासरचं, म्हणजे मिशिगनचं, नाव काढलं वाटतं 🙋‍♀️ अभिनंदन हं, मनापासून. फक्त एक शंका. ओहायो स्टेटमध्ये मिशिगनला हरवलं की प्रत्येक खेळाडूला सोन्याची इवलीशी चड्डी मिळते ना, पेंडंटसारखी? १९३४ पासूनची पद्धत आहे म्हणे. सॉयरकडे किती आहेत? २०२० ची मॅच रद्द झाली, २१, २२, २३, २४ आम्ही जिंकलो. ट्रॉफी ठेवा कपाटात, चड्डीचं बघा आधी.

ढोलताशा
ताई, जखमेवर मीठ नको, नोव्हेंबरात येतोय तुमच्याकडे.

सातारी पाहुणा
सगळ्यांचे आभार, आता डोक्यात शिरलं थोडं. सोन्याच्या चड्डीचं रूममेटला विचारलं, पाच मिनिटं बोलला नाही, मग म्हणाला आमच्या आजोबांच्या वेळी पोती भरून मिळायच्या. बाकी आमच्या लॅबच्या दारावरची लाल फुली अजून तशीच आहे, कडा सुटायला लागल्यात, सरांनी काल अंगठ्याने परत दाबून बसवली.