प्रतिसाद : कन्व्हर्टर काढल्यावर सेन्सरचे काय होते?
कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टच्या नळीत बसवलेला, धुरातील विषारी वायू कमी करणारा भाग) काढल्याने इंजिन मोकळे होते आणि फार तर चेक इंजिनचा दिवा लागतो, हे वर मांडलेले मत मला अर्धेच पटते. पेट्रोल गाडीत सहसा कन्व्हर्टरच्या आधी एक आणि नंतर एक असे धुरातील ऑक्सिजन मोजणारे सेन्सर असतात. इंधनाचे प्रमाण मुख्यतः पहिल्याच्या संकेतावर ठरते, म्हणून गाडी चालत राहते. मात्र कन्व्हर्टर धडधाकट असताना जवळजवळ स्थिर राहणारा दुसऱ्या सेन्सरचा व्होल्टेज आता ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान सतत वरखाली होऊ लागतो आणि ईसीयू (इंजिनचे नियंत्रण करणारा संगणक) पी०४२० हा, म्हणजे कन्व्हर्टर नीट काम करत नसल्याचा, दोष नोंदवतो.

खरी काळजी कन्व्हर्टरच्या जागी नळी जोडताना होणाऱ्या वेल्डिंगची आहे. पहिल्या सेन्सरजवळचा जोड नीट बसला नाही, तर फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला मिश्रणात पेट्रोल कमी असल्याचे भासते आणि ईसीयू विनाकारण जास्त पेट्रोल सोडतो. परिणामी मायलेज घटते, प्लग काळे पडतात.

दुसऱ्या सेन्सरखाली स्पेसर (सेन्सरला धुराच्या झोतापासून दूर ठेवणारा तुकडा) बसवून दिवा विझवता येतो, पण कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रोजनची ऑक्साइडे बाहेर पडतच राहतात, म्हणून हा उपाय मला अजिबात मान्य नाही. कन्व्हर्टर तुंबला असल्यास आधी मिसफायर होतो का (सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही का), इंजिन ऑइल जळते का, हे तपासावे. अन्यथा नवा कन्व्हर्टरही तसाच निकामी होईल.