‘गिव्हन’साठी ‘जर’ योग्य आहे का?

प्रश्न (फोंडा): आमच्या वाचनालयाची देवघेवीची संगणकप्रणाली नव्याने लिहिली जात आहे. तिच्याकडून अपेक्षित असलेले वर्तन मराठी वाक्यांत मांडायचे आणि तीच वाक्ये कुकुंबर या साधनाने चाचणी म्हणून चालवायची, असे ठरले आहे. या वाक्यांच्या गर्किन या लेखनपद्धतीत प्रत्येक वाक्य ठरावीक सूचक शब्दाने सुरू होते. त्यांपैकी सुरुवातीची स्थिती सांगणाऱ्या ‘गिव्हन’ या इंग्रजी शब्दासाठी मराठीत ‘जर’ आणि ‘दिलेल्या प्रमाणे’ हे दोन पर्याय आहेत. त्यांपैकी कोणता घ्यावा?

उत्तर (म्हापसा): ‘जर’ टाळावा. ‘जर’ आला की वाचक ‘तर’ची वाट पाहतो आणि गोष्ट घडेल किंवा घडणार नाही असे समजतो, ‘गिव्हन’मध्ये मात्र अशी शक्यता अभिप्रेत नसून चाचणीपूर्वी ती स्थिती मुद्दाम निर्माण केलेली असते. ‘जर सभासदाकडे तीन पुस्तके आहेत, जेव्हा तो चौथे मागतो, मग नकार मिळतो’ हे वाक्य अडखळते ते त्यामुळेच. (शेवटी ‘मग’ऐवजी ‘तेव्हा’ही चालतो, ‘जेव्हा’शी तोच जुळतो.) शालेय भूमितीतील ‘पक्ष, साध्य, सिद्धता’ यांमधला ‘पक्ष’ अर्थाने अगदी नेमका आहे, परंतु तो गर्किनच्या यादीत नाही, आणि गोव्यात ‘पक्ष’ म्हटले की आधी पक्षांतरच आठवते. ‘दिलेल्या प्रमाणे’ अवजड वाटत असेल तर कोणत्याही सूचक शब्दाच्या जागी नुसते तारकाचिन्ह देता येते.

उत्तर (मडगाव): वरील मताशी सहमत आहे, मात्र सूचक शब्द कोणताही घेतला तरी यंत्राला फरक पडत नाही, कारण वाक्य जुळवताना तो वगळलाच जातो. यंत्राला मराठी कळत नाही. प्रत्येक वाक्याचा साचा आणि त्यामागची कृती प्रोग्रामरने आधी लिहून ठेवावी लागते. म्हणून ‘सभासदाकडे’ऐवजी कोणी ‘सभासदापाशी’ लिहिले, तर अर्थ तोच राहूनही ते वाक्य अपरिभाषित ठरते, म्हणजे त्याच्याशी जुळणारा साचा सापडत नाही. मराठीत हा त्रास अधिक, कारण ‘एक पुस्तक आहे’ आणि ‘तीन पुस्तके आहेत’ यांत नाम आणि क्रियापद दोन्ही बदलतात. साच्यात तिरक्या रेघेने ‘पुस्तक/पुस्तके’ असे पर्याय देण्याची सोय आहे. परंतु ‘सभासदाकडील पुस्तकांची संख्या ३ आहे’ अशी रचना केल्यास ती वापरण्याची गरजच उरत नाही. वाक्य थोडे कचेरीतल्यासारखे होते, हे मान्य.