खटाव तालुक्यात दगडखाणीची जनसुनावणी लागलीय, हरकत नेमकी कशी लिहायची?

माळरान_खटाव:
नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या डोंगरावर तीन दगडखाणी आणि पायथ्याला क्रशर असं प्रकरण आलंय. पेपरात प्रदूषण मंडळाची जाहीर सूचना आलीय, पुढच्या महिन्यात जनसुनावणी आहे. तीन जणांच्या नावावर तीन गट, प्रत्येक खाण पाच हेक्टरच्या आतली, पण बांधाला बांध लागून. याच डोंगरावर गावानं उन्हातान्हात श्रमदान करून सीसीटी (पाणी मुरवायचे सलग समतल चर) खोदलेत, खाली दोन नालाबांध आहेत, आणि त्याच्या जोरावर पायथ्याच्या विहिरींना आता उन्हाळ्यापर्यंत पाणी टिकतंय, आधी संक्रांतीलाच तळ दिसायचा. ग्रामपंचायतीत खाणींचा पर्यावरण परिणाम अहवाल बघायला ठेवलाय, इंग्रजीतला जाडजूड गठ्ठा आणि बरोबर मराठी सारांश. त्या सारांशात चक्क लिहिलंय की खाणक्षेत्रात कुठलाही जलस्रोत नाही. अहो ओढा सुरूच त्या गटातनं होतो! गावात काहीजण म्हणतात सुनावणी होऊच द्यायची नाही, मंडप उधळायचा, काहीजण म्हणतात ग्रामसभेचा ठराव केला की विषय संपला. मला वाटतं रीतसर हरकत घालावी, पण ती लिहायची कशी आणि द्यायची कुठं, कुणाला माहिती असेल तर सांगा.

कोर्टकट्टा_सातारा:
मी साताऱ्यात वकिली करते, पुण्याच्या एनजीटीतही (राष्ट्रीय हरित लवादात) ही कामं असतात. दादा, सुनावणी उधळायचा विचार आधी डोक्यातनं काढून टाका. २००६ च्या ईआयए (पर्यावरण परिणाम मूल्यांकन) अधिसूचनेत कोरमची, म्हणजे किमान हजेरीची अट नाही, चार माणसं आली तरी सुनावणी झाली असंच धरतात, आणि लोकांना मोकळेपणी बोलता येईल अशी परिस्थिती गावात नाही असा रिपोर्ट वर गेला तर सुनावणी न घेताच फाईल पुढं न्यायची सोयही त्याच अधिसूचनेत आहे. मग तुमचं म्हणणं मांडायची जागाच गेली ना.

ठराव जरूर करा, पण नुसत्या ठरावानं खाण थांबत नाही. तो हरकतीला जोडा.

आता हरकत. ‘शेतकऱ्यांवर अन्याय, प्रकल्प रद्द करा’ असे अर्ज ढिगानं येतात आणि त्यांची एका ओळीत बोळवण होते. तुम्ही अहवालाचं पान सांगा, त्यातलं वाक्य उतरवा आणि ते खरं का नाही याचा कागद जोडा. ओढ्याचंच घ्या. भूमी अभिलेखमधनं गावनकाशाची नक्कल काढा, त्यावर ओढा दाखवलेला असेल, तिन्ही गट रंगवून घ्या म्हणजे बघणाऱ्याला एका नजरेत कळतं. पायथ्याच्या विहिरींची यादी गट नंबरसकट करा, सातबाऱ्यावर विहिरीची नोंद असेल तर उतारे लावा. विहिरीत दोर सोडून पाणी किती खाली आहे ते मोजा, वहीत तारीख टाकून लिहा, शेजारच्या दोघांच्या सह्या घ्या, फोटो काढा. खाण सुरू व्हायच्या आधीचे हे आकडे पुढं फार कामाला येतात, नंतर मोजून काही सिद्ध होत नाही. सीसीटी आणि नालाबांध जलयुक्त शिवारमध्ये किंवा कृषी खात्याच्या कुठल्या योजनेत धरलेले असतील तर तालुका कृषी कार्यालयातनं तो कागद मिळवा, तो सोन्याहून पिवळा, कारण सरकारनं पाणी अडवायला मान्य केलेला उतार सरकारचीच मंजुरी घेऊन फोडायचा का, हा प्रश्न मग मंजुरीसाठी प्रकल्प तपासणाऱ्या तज्ज्ञ कमिटीला टाळता येत नाही.

पाच हेक्टरच्या आतल्या खाणीला पर्यावरण मंजुरी लागत नाही असं कुणी सांगत असेल तर ते चूक आहे, सुप्रीम कोर्टानं दीपक कुमार प्रकरणात २०१२ सालीच लहान खाणीही त्यात आणल्या. शिवाय एकाच खनिजाच्या दोन खाणींच्या हद्दीत ५०० मीटरपेक्षा कमी अंतर असेल तर क्लस्टर, म्हणजे खाणींचा एकच समूह धरतात. म्हणून धूळ, ब्लास्टिंग, डंपरच्या फेऱ्या तिन्ही खाणींच्या मिळून मोजल्यात का ते अहवालात नीट बघा, बहुतेक वेळा पाणी इथंच मुरतं.

हरकत लेखी, दोन प्रतीत, एमपीसीबीच्या (महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या) साताऱ्याच्या उपप्रादेशिक कार्यालयात द्या आणि पोच घ्या. सूचनेपासून किमान ३० दिवस मिळतात. सारांश तेवढे दिवस आधी गावात आला होता का तेही तपासा. दिल्ली हायकोर्टाचा २००९ चा उत्कर्ष मंडळ निकाल आहे, गोव्यातल्या खाणीचा, त्यात हे तर सांगितलंच, शिवाय लोकांच्या हरकतींवर कमिटीनं कारणं द्यायला हवीत असंही म्हटलंय. हरकतच मोघम असेल तर कारण तरी कशाचं देणार?

जतची_लेक:
ताईंनी सांगितलं ते सगळं बरोबर, मी फक्त सुनावणीच्या दिवसाचं सांगते. स्टेजवर कोण बसलंय ते आधी विचारा, जिल्हाधिकारी किंवा किमान अपर जिल्हाधिकारी पाहिजेत, नुसते प्रांत असतील तर तिथल्या तिथं हरकत नोंदवा. आमच्याकडं बायका लय चांगल्या बोलल्या, कुणाच्या विहिरीवर किती घरं अवलंबून आहेत, टँकर कुठल्या महिन्यात येतो, सगळं गट नंबर घेऊन सांगितलं, आणि इतिवृत्तात काय आलं तर ‘ग्रामस्थांनी पाण्याबाबत चिंता व्यक्त केली’, बास, एवढंच! पण शेवटी इतिवृत्त मराठीत वाचून दाखवायचा नियम आहे, तेव्हा आम्ही कुणीच जागचं हललो नाही आणि एकेक विहीर त्यात लिहून घ्यायला लावली, मगच सही झाली. लोक भाषणं झाली की उठून घरी जातात, तुम्ही वाचन होईस्तोवर थांबा, खरं काम तिथंच असतंय.

कराडचा_कंत्राटदार:
माझं मत जरा वेगळं आहे, राग मानू नका. मी रस्त्याची कामं घेतो. सातारा ते कागल सहापदरी, गावोगावचे रस्ते, घरकुलं, सगळ्याला खडी लागते आणि ती डोंगरातनंच येणार. परवानगी घेऊन चालणारी खाण बंद पाडली तर रात्रीत उपसा करणारे वाढतात, त्यांच्यावर कुणाचाच वचक नसतो, हे डोळ्यानं बघतोय. सरळ रद्द करा म्हणण्यापेक्षा अटी मागा.

कोर्टकट्टा_सातारा:
कंत्राटदार भाऊ, बेकायदा उपशाचं तुमचं म्हणणं खरं आहे. पण जागा बघून बोललं पाहिजे. खडी दुसऱ्या डोंगरातनंही मिळेल, त्या ओढ्याचा उगम दुसरीकडं नेता येत नाही. माळरान दादांनी आधी जागेलाच हरकत घ्यावी, आणि ती मान्य झाली नाही तर अमुक अटी घाला असं त्याच अर्जात पुढं लिहावं. उगमापासून किती मीटर सोडायचं, ब्लास्टिंग किती ते किती वाजेपर्यंत, डंपर शाळेच्या रस्त्यानं न्यायचा नाही, विहिरींची पातळी गावासमोर मोजायची. ‘योग्य ती काळजी घ्यावी’ ही अट मला मान्य नाही, ती मोडली हे कोर्टात दाखवताच येत नाही. मंजुरी मिळालेल्यानं दर वर्षी १ जून आणि १ डिसेंबरला अटी पाळल्याचा अहवाल द्यायचा असतो, तोही मागवत राहा.

माळरान_खटाव:
ताई, खूप आभार, नकाशाचा अर्ज सोमवारीच टाकतो. एकच विचारायचं राहिलं, एवढं करूनही मंजुरी दिलीच तर?

कोर्टकट्टा_सातारा:
तर एनजीटीत अपील, पुण्याच्या खंडपीठात. मुदत ३० दिवस, सबळ कारण असेल तर आणखी ६० दिवस, त्यानंतर एक दिवस उशीर झाला तरी माफ होत नाही. नुकसानभरपाई मागत नसाल तर फी १००० रुपये. म्हणून परिवेश या पर्यावरण मंजुरीच्या सरकारी पोर्टलवर फाईल नंबर टाकून दर आठवड्याला बघत जा, गावातल्या एखाद्या पोराकडं ते काम सोपवा. अपिलात आधी सुनावणीचं इतिवृत्त आणि तुमची लेखी हरकत वाचली जाते. गोव्यातल्या मोपा विमानतळाच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टानं २०१९ ला मंजुरी स्थगित केली ती अर्जात माहिती दडवली म्हणूनच. पुढच्या वर्षी अटी वाढवून स्थगिती उठवली हेही सांगते, खोटी आशा नको. पण जलस्रोत नाही असं लिहून दिलेलं आणि गावनकाशावर ओढा, एवढा मुद्दा नीट नोंदवला गेला तर अपिलात उभं राहायला चांगली जागा आहे. हरकतीचा मसुदा झाला की इथं टाका, मी बघून देते.